पुरंदरनंतर मिर्झाराजा कुठे गेला?

२०२५च्या मार्च महिन्यात मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या पायथ्याशी रात्री-बेरात्री माणसांची झुंबड उडत होती. अंधार पडला की लोक कुदळ-फावडी घेऊन शेतात उतरायचे, मोबाइलच्या उजेडात माती उकरायचे, चाळणीने चाळायचे. काहींनी तर धातू शोधायचं यंत्रही आणलं होतं. रस्त्याच्या कामात निघालेली माती शेतात टाकली गेली आणि तिच्यात मोगलांची सोन्याची नाणी निघाली, अशी वावडी होती. नेमका आदल्या महिन्यात ‘छावा’ प्रदर्शित झाला होता आणि त्याची सुरुवातच संभाजी महाराजांच्या बुऱ्हाणपूरच्या स्वारीने होते. वावडीला पडद्याचा दाखला मिळाला. शेवटी पोलीस आले, तंबी दिली गेली, शेतात खड्डे तेवढे उरले. त्या रात्रींची छायाचित्रं देशभर फिरली आणि खोदणाऱ्यांची यथेच्छ चेष्टा झाली.

चेष्टा करणाऱ्यांनी एक विचार करायला हरकत नव्हती. असीरगड म्हणजे दख्खनचा दरवाजा. त्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला त्या किल्ल्याची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कोणी सांगितली असेल? शाळेने, की थिएटरने?

असीरगडचं सोन्याचं नाणं खरोखरच अस्तित्वात आहे, ही यातली खरी गंमत. अकबराने जानेवारी १६०१मध्ये हा किल्ला घेतला, खानदेशातलं फारुकी घराण्याचं राज्य संपवलं आणि त्या विजयाची आठवण म्हणून एक मोहर पाडली. तिच्या एका बाजूला ससाणा कोरलेला आहे आणि असीरच्या टांकसाळीचं नाव तिच्यावर आहे. नाण्यांवरच्या पुस्तकांत तिचं चित्र हमखास असतं. ते चित्र मोठं करून चौथीच्या वर्गात लावलं, तर मुलं काय विचारतील? राजाचा चेहरा नाही, पक्षीच का? अक्षरं कुठली? नाणं इथेच का पाडलं? हे किती जणांच्या हातून गेलं असेल? पहिल्या तीन प्रश्नांवर बोलता येतं, चौथ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. आणि काही प्रश्नांना उत्तर नसतं, हे नवव्या वर्षी कळलेलं बरं. जाता जाता गुरुजींनी हेही सांगून टाकावं की, जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. कायदा १८७८चा आहे. एवढ्याने घरची मोठी माणसं रात्री शेतात जायची थांबली असती की नाही, हे सांगता येत नाही, पण निदान पोराने घरी एक अडचणीचा प्रश्न नक्की विचारला असता.

मध्य प्रदेशात पाचवीपर्यंत इतिहास असा वेगळा विषय नाही. तिसरी ते पाचवीला पर्यावरण अध्ययन असतं, त्यात घर, पाणी, झाडं, वाहनं, शेजार यांच्यासोबत जुन्या काळाचं थोडंफार येतं. इतिहास स्वतःच्या नावाने भेटतो तो सहावीत, आणि तोही एकदम आदिमानव आणि हडप्पापासून. ही रचना कुणी आळसातून केलेली नाही. दप्तराच्या ओझ्यावर प्रा. यशपाल समितीने १९९३मध्ये बोट ठेवलं होतं. लहान मुलांवर सनावळ्या आणि राजांची नावं लादू नयेत, ही तक्रार त्याआधीपासूनची. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मग प्राथमिक वर्गांत विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं एकत्र गुंफली. त्यातून काही फार चांगले पाठ निघाले. एनसीईआरटीच्या पाचवीच्या ‘आस-पास’मध्ये गोवळकोंड्यावर एक पाठ होता. मुलं किल्ल्यात फिरतात, बुरूज बाहेर गोलाकार का काढले असतील याचा विचार करतात, मातीच्या नळांतून पाणी वर कसं नेलं असेल ते पाहतात. सनावळी जवळजवळ नाही, आणि तरीही तो अस्सल इतिहासाचा पाठ आहे.

पण बुऱ्हाणपूरच्या मुलाला गोवळकोंडा रस्त्याने पाचशे किलोमीटरहून दूर. असीरगड वीस.

सीमेपलीकडे, रावेर-मुक्ताईनगरच्या शाळांत, चित्र अगदी उलटं आहे. महाराष्ट्रात चौथीला शिवचरित्र शिकवलं जातं आणि पिढ्यान्‌पिढ्या ते मनात घर करून बसलं आहे. पन्नाशीतल्या माणसाला बाकीची प्राथमिक शाळा आठवत नाही, पण अफझलखानाच्या भेटीचं चित्र पुस्तकाच्या कुठल्या बाजूच्या पानावर होतं ते आठवतं. शिक्षणतज्ज्ञ या पुस्तकाकडे कधी कधी नाक मुरडून बघतात. ते तितकंसं बरोबर नाही. या वयाच्या मुलाला गोष्ट लागते: माणसं लागतात, संकट लागतं, पुढे काय झालं याची ओढ लागते. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी १९३०च्या दशकात ‘दिवास्वप्न’मध्ये चौथीच्या वर्गाची कल्पित कथा सांगितली, त्यातला मास्तरही धडे घोकून घेण्याऐवजी गोष्टींचाच आधार घेतो. पर्यावरण अध्ययनात माहिती आहे, निरीक्षण आहे, कृती आहेत; पण मुलाने रात्री आजीला सांगावी अशी गोष्ट त्यात क्वचितच सापडते. चौथीच्या शिवचरित्राची अडचण निराळी. ती गोष्ट इतकी भरीव आहे की, तिच्या बाहेर काही घडत होतं हे मुलाच्या ध्यानातच येत नाही. जी माणसं त्या गोष्टीत येतात ती आपलं काम झालं की पाठाबाहेर निघून जातात.

मिर्झाराजे जयसिंग हे त्यातलं सर्वांत ठळक उदाहरण. चौथी पास झालेल्या प्रत्येक मराठी मुलाला त्यांचं नाव माहीत असतं. १६६५ साल, पुरंदरचा वेढा, मुरारबाजी पडले, तह झाला, तेवीस किल्ले गेले. मग गोष्ट आग्र्याकडे वळते, पेटारे येतात, आणि मिर्झाराजे मागे राहतात ते राहतातच. त्यांचं पुढे काय झालं? विजापूरची मोहीम फसली, बादशहाची मर्जी फिरली, परतीच्या वाटेवर ऑगस्ट १६६७मध्ये ते बुऱ्हाणपुरात वारले. मोहना आणि तापी यांच्या संगमाजवळ बोहरडा गावाच्या बाजूला त्यांची छत्री उभी आहे. खांबांवर तोललेली, वर घुमट असलेली, नदीच्या बाजूने वारा येणारी. बुऱ्हाणपूरची मुलं तिथे खेळायला जातात, तिला ‘राजा की छत्री’ म्हणतात. कुठला राजा, हे त्यांचं पाठ्यपुस्तक सांगत नाही. रावेरच्या मुलाला राजा ठाऊक आहे, छत्री नाही. बुऱ्हाणपूरच्या मुलाला छत्री ठाऊक आहे, राजा नाही. मधे अंतर मोटारीने तासाभराच्या आतबाहेरचं आहे, आणि दोन राज्यांची दोन पाठ्यपुस्तक मंडळं.

प्राथमिक शाळेत इतिहास असावा की नसावा, हा वाद घालण्यात म्हणूनच फारसं हशील नाही. मूल शाळेत यायच्या आधीच इतिहास त्याच्याकडे येऊन पोचलेला असतो: गणपतीतल्या देखाव्यातून, उरुसातून, पोवाड्यातून, मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून. शाळेच्या हातात एवढंच उरतं की, त्या ऐकीव गोष्टीला जागा आणि काळ यांचे दोन खुंटे मारून द्यायचे. बुऱ्हाणपूरला ते जितकं सोपं आहे तितकं देशातल्या फार थोड्या गावांना असेल.

या गावात कोण कोण वारलं, एवढीच यादी मुलांना दिली तरी पुरे. अकबराचा मुलगा दानियाल १६०५मध्ये. जहांगीरचा मुलगा खुसरौ १६२२मध्ये, परवेझ १६२६मध्ये. शाहजहानची बेगम मुमताज १६३१मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. मग मिर्झाराजे. आणि १७४८मध्ये हैदराबादचा पहिला निजाम. मुलांना अशा याद्या आवडतात, त्यात थोडं भयही असतं. मग कुणीतरी विचारतंच, सगळे इथेच का मेले? उत्तरात अर्धा दख्खनचा इतिहास येतो. उत्तरेहून दक्षिणेत उतरायची वाट इथून जायची, तापी ओलांडायची ती इथे, म्हणून मोगलांचं दक्षिणेचं ठाणं इथे. फौजा वर्षानुवर्षं इथे पडून असत, आणि जिथे माणसं वर्षानुवर्षं राहतात तिथे ती मरतातही. पाचवीच्या मुलाला हे नकाशावर बोट ठेवून कळतं. सातपुडा, नदी, खिंड, गाव.

मुमताजचं नाव निघालं की बुऱ्हाणपुरात पुढची गोष्ट ठरलेली असते: ताजमहाल खरं तर इथेच बांधायचा होता. कुणी म्हणतं, माती ठिसूळ म्हणून बेत रद्द झाला. कुणी म्हणतं, वाळवी होती. कुणी म्हणतं, तापीच्या पाण्यात प्रतिबिंब नीट पडेना. मुमताजला आधी तापीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्यात दफन केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पार्थिव आग्र्याला नेलं, एवढं पक्कं आहे. बाकीचं गाइड सांगतात. शिक्षकाने ते खोडून काढायची घाई करू नये. त्याने फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात ‘लिहून ठेवलेलं’, दुसऱ्यात ‘लोक सांगतात ते’, आणि मुलांना एकेक वाक्य त्यांत टाकायला लावावं. वाळवी कुठल्या रकान्यात जाते ते मुलंच भांडून ठरवतील. विद्यापीठात पदव्युत्तर वर्गाला साधनचिकित्सा म्हणून जे शिकवतात, त्याची सुरुवात याहून फार वेगळी नसते. (याच आहुखान्यात शाहजादा औरंगजेब हिराबाई झैनाबादीवर भाळला, अशीही एक जुनी कथा आहे. ती प्राथमिक वर्गासाठी नाही, पण शिक्षकांच्या प्रशिक्षणात जेवणानंतर झोप उडवायला उत्तम.)

काळाचं काय? लहान मुलाला चारशे वर्षं कळत नाहीत, असा आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. सात वर्षांच्या मुलाला ‘फार पूर्वी’ म्हणजे बाबा लहान होते तेव्हा. पण चारशे वर्षं तशी कुणालाच कळत नाहीत. मोठी माणसं फक्त कळल्यासारखं दाखवतात. वर्गातल्या मुलांना एका ओळीत हात धरून उभं करावं. पहिलं मूल म्हणजे आजचं, दुसरं त्याची आई, तिसरी तिची आई. एका पिढीला पंचवीस वर्षं धरली तर सोळाव्या मुलापाशी मुमताज येते. चौदाव्यापाशी संभाजी महाराजांची स्वारी. पंचविसावं मूल, बहुधा दाराबाहेर व्हरांड्यात उभं असलेलं, हे नासिरखान फारुकीच्या काळचं. त्याने १४००च्या सुमारास शेख बुऱ्हाणुद्दीन या सुफी संताच्या नावाने हे गाव वसवलं. चाळीसच्या पटाची शाळा असेल तर अजून पंधरा मुलं उरतात, ती तापीच्या काठाने मागे मागे जात राहतात, आणि तिथे गावच नसतं. ही कृती करायला साहित्य लागत नाही, परिपत्रक लागत नाही. एक गोष्ट मात्र या ओळीत आपोआप घडते: शिंप्याचं, मोमिनाचं, बोहऱ्याचं, पाटलाचं, कोरकूचं मूल एकाच ओळीत हात धरून उभं असतं आणि प्रत्येकाची आजी त्या ओळीत कुठेतरी असते.

गांधी चौकातल्या जामा मशिदीत आणखी एक तयार धडा आहे. ती राजा अलीखान फारुकीने बांधली. तिच्यात अरबी लेख आहे आणि संस्कृत लेखही आहे. संस्कृत लेखात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ असा काळ दिला आहे, म्हणजे इसवी सन १५९०चा आरंभ. पुढे अकबराचाही लेख तिथे कोरला गेला. पाचवीच्या गणिताच्या तासाला हे उदाहरण घालायला काय हरकत आहे? शके अधिक अठ्ठ्याहत्तर, लेखातला महिना पौष, म्हणजे इंग्रजी वर्ष उलटलेलं, म्हणून आणखी एक. घरात शक छापलेली दिनदर्शिका असलेली मुलं आहेत, हिजरी तारीख बघणारी आहेत, शाळेत इंग्रजी तारीख आहे. तीन तऱ्हांनी मोजलेला एकच दिवस, आणि तो आपल्या चौकातल्या भिंतीवर. मशिदीत संस्कृत कशाला, हे मुलं विचारतील. शिक्षकाने त्यावर भाषण देऊ नये. ज्याला आपलं नाव सगळ्यांनी वाचावं असं वाटतं तो सगळ्यांच्या अक्षरांत लिहितो. एवढं नऊ वर्षांच्या मुलाला पटतं.

सर्वांत समृद्ध धडा लालबागेत जमिनीखाली आहे. कुंडी भंडारा, ज्याला खुनी भंडाराही म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, नुसत्या उतारावर, गावापर्यंत आणायचं. आणि त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या खणायच्या, म्हणजे हवा खेळते, सफाई करता येते, वाटेत पाणीही काढता येतं. अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. इराणातल्या ‘कनात’ची ही पद्धत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकिर्दीत इथे आली. मोटर नाही, पंप नाही, वीज नाही. आज लिफ्टने खाली उतरून बघता येतं. भिंतींवर चुन्याचे थर साचलेले दिसतात, पायाखालून थंडगार पाणी वाहत असतं. मार्च २०२४मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. तिसरीतल्या मुलांना वाळूच्या ढिगात पेन्सिलीने भोकं पाडून, खाली नळी घालून हे करून बघता येतं; चौथीला उतार मोजता येतो; पाचवीला विचारता येतं की, बाजूने तापी वाहत असताना एवढा खटाटोप का केला असेल? वेढा पडला तर? पूर आला तर? नदीचं पाणी गढूळ झालं तर?

आणि हा खानखानान म्हणजे दुसरातिसरा कुणी नाही, हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे मुलं पाठ करतात तोच रहीम. पाण्यावरचा त्याचा दोहा तर हिंदी शिकलेल्या कुणालाही येतो. हिंदीच्या तासाला कवी रहीम, पर्यावरणाच्या तासाला पाण्याचे स्रोत, आणि लालबागेत प्रत्यक्ष पाणी, या तिन्हींची गाठ घालायला कुठल्याही पुस्तकात जागा ठेवलेली नाही. ती शिक्षकाने घालायची.

राजे-बादशहांच्या वाटेला न जाताही इतिहास सुरू करता येतो, हे सांगायला नेपानगर आहे. वृत्तपत्राचा कागद देशात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बनला तो याच जिल्ह्यात. सातपुड्यातली सलई आणि बांबू हा कच्चा माल, आणि १९५६मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते गिरणीचं उद्‌घाटन. तिथल्या कितीतरी घरांत आजोबा कारखान्यात होते. बुऱ्हाणपुरात ताप्ती मिल १९०६ची. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली. भोंगा किती वाजता व्हायचा, पगार कधी मिळायचा, पाळीला डब्यात काय न्यायचे, संप झाला तेव्हा घर कसं चाललं. हे विचारायला मुलाला वहीशिवाय काही लागत नाही. कोरकू आणि बारेला पाड्यांवरच्या मुलाला मोगल इमारतींत आपलं कुणी दिसणार नाही, पण सलईचं जंगल, लाकूडतोड, पायवाटा आणि बाजार यांत त्याचे आजोबा सापडतील. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी इतिहास सक्तीचा आहे आणि त्याची सुरुवातच ‘जिवंत माणसांच्या आठवणीतले बदल’ आणि ‘आपल्या परिसरातल्या घटना, माणसं, जागा’ अशी होते. पुढच्या टप्प्यावर स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. त्यांच्या राजाराण्या नंतर येतात.

इथवर सगळं गोड आहे. स्थानिक इतिहासाची भलामण करणारे बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि म्हणून त्यांची भलामण पोकळ वाटते. कारण बुऱ्हाणपूरचा इतिहास शिकवायचा म्हणजे आज ना उद्या १६८१ शिकवावं लागणार.

त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज अचानक येऊन धडकली. तटाबाहेरचं बहादूरपुरा आणि इतर पुरे लुटले गेले. लूट तीन दिवस चालली. मोगल अधिकारी तटाआड बसून राहिले. गावातल्या उलेमांनी बादशहाला लिहिलं की, आमचं रक्षण होणार नसेल तर शुक्रवारची नमाज बंद ठेवू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला आणि तिथून दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. मराठ्यांच्या इतिहासात ही पराक्रमाची घटना आहे. नव्या छत्रपतीने राज्याभिषेकानंतर लगेच शत्रूच्या सर्वांत श्रीमंत ठाण्यावर घातलेला घाव. बुऱ्हाणपूरच्या इतिहासात ती दुकानं जळाल्याची आणि माणसं पळाल्याची घटना आहे. आणि आज त्या गावात मराठी बोलणारी घरं आहेत, मोमिनांची आहेत, एकाच वर्गात दोघांचीही मुलं आहेत. चित्रपट पाहून दोघंही आली.

यावर शाळांचा ठरलेला उपाय म्हणजे विषयच टाळायचा. तो चुकीचा आहे. टाळलेला विषय रिकाम्या तासाला मागच्या बाकावर शिकवला जातो, आणि तिथे शिक्षक नसतो. उलट टोकाला, घटना मोठ्या आवेशात सांगून वर्गाची दोन बाजूंत वाटणी करणं हे तर शिक्षकपणाला सोडून. तिसरी-चौथीला ही स्वारी शिकवू नये, असं ठामपणे म्हणता येईल. पाचवीला शिकवावी, आणि तिची सुरुवात बाजारपेठेतून करावी. बहादूरपुऱ्यात काय विकलं जायचं? बुऱ्हाणपूरचं तलम कापड आणि जरीचं काम. फ्रेंच प्रवासी तावेर्निएने लिहून ठेवलंय की, ते इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं. ते विणणारा कोण? विकणारा कोण? त्यावरचा कर कुठे जायचा? त्या कराच्या पैशातून फौज पोसली जायची आणि ती फौज कुणावर चालून जायची? इथवर आलं की फौजा बाजारावर का येतात, हे मुलाला शिवीगाळ न करता समजतं. मग विचारावं: विणकर त्या तीन दिवसांत कुठे गेला असेल? हा प्रश्न कुठल्याच बाजूचा नाही, आणि तो विचारल्याने कुणाचा पराक्रम कमी होत नाही. पुढे १७६०मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हेच गाव पेशव्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे गेलं, मग इंग्रजांकडे. ज्यांनी लुटलं त्यांनीच नंतर इथे वसूल केला, बंदोबस्त ठेवला. पाचवीच्या मुलाला हे विचित्र वाटेल. वाटू द्यावं.

शिक्षक हे करू शकतील का? या प्रश्नावर शिक्षकांना दोष द्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे. एका खोलीत तीन वर्ग, निवडणुका, जनगणना, पोषण आहाराची नोंदवही, वर्षातून चार ऑनलाइन प्रशिक्षणं. त्यात लालबागेत पोरं न्यायची तर पालकांची संमती आणि वरिष्ठांची परवानगी. शहरातल्या शाळांना निदान बसभाड्याची गरज नाही. शाही किल्ला, जामा मशीद, १७३१मध्ये निजामाने बांधलेल्या तटाच्या वेशी, सगळं पायी गाठता येतं. शनवाऱ्यापासून इतवाऱ्यापर्यंत वेशी मोजत चालणं हाच एका सकाळचा धडा होऊ शकतो, आणि परतताना कुणी दानशूर निघालाच तर मावा जिलबी. खाकनार, नेपानगरच्या शाळांना मात्र गाडी लागेल, आणि ती पंचायतीने किंवा जिल्ह्याने द्यायला हवी.

लागणार आहे ते एक पुस्तक. फार नाही, साठ-सत्तर पानांचं, बुऱ्हाणपूर जिल्ह्याचं. हिंदीत, आणि मराठी-उर्दूतही. महाराष्ट्रात तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं परिसर अभ्यासाचं पुस्तक निघतं, तेव्हा अशक्य काही नाही. ते पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकासारखं होऊ नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल. आपलं गाव जगात भारी, हे मुलाला पुस्तकाशिवायही वाटत असतंच. त्यात नकाशे हवेत, नाण्याचं चित्र हवं, कुंडीचा आडवा छेद हवा, दोन लिपींतल्या लेखाचं छायाचित्र हवं, गिरणीतल्या कामगाराची आठवण हवी. आणि जिथे खात्री नाही तिथे ‘लोक असं सांगतात’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

असं काही मध्य प्रदेशात कधी झालंच नाही, असंही नाही. १९८२मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने होशंगाबाद, देवास या भागांतल्या सरकारी शाळांसाठी सामाजिक अध्ययनाची पुस्तकं तयार केली. होशंगाबादचं नाव आता नर्मदापुरम आहे. ती सहावी ते आठवीची होती, पण त्यांची रीत प्राथमिकलाही शिकवण्यासारखी: पुराव्यावर रचलेल्या गोष्टी, पाठाच्या मधेमधे मुलांना थांबवणारे प्रश्न, आणि पुस्तक उघडं ठेवून द्यायची परीक्षा. हा कार्यक्रम सरकारी शाळांत १९८६पासून चालला. २००२मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. दिग्विजयसिंह मुख्यमंत्री होते. म्हणजे पाठ्यपुस्तकांशी खेळण्याची हौस कुठल्या एका पक्षाची नाही, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवायला हरकत नाही.

परीक्षेचा मुद्दा इथे सर्वांत महत्त्वाचा, कारण आपल्याकडे परीक्षेत येतं तेवढंच शिकवलं जातं. मध्य प्रदेशात २०२२-२३पासून पाचवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर सुरू झाली आहे. तिच्या पर्यावरणाच्या प्रश्नपत्रिकेत पाच गुणांचा एक प्रश्न असा ठेवता येईल: तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या एका जुन्या वस्तूबद्दल लिहा, आणि ती किती जुनी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं ते सांगा. याची आदर्श उत्तरपत्रिका काढता येणार नाही आणि तपासणाऱ्याला प्रत्येक उत्तर वाचावं लागेल, म्हणून हा प्रश्न येणार नाही, असं जुनेजाणते शिक्षक म्हणतील. एकलव्यच्या पुस्तकांवर परीक्षा देणाऱ्या शाळांत उघड्या पुस्तकाचे, विचार करून लिहायचे प्रश्न सोळा वर्षं विचारले गेले. ते तपासणारेही सरकारी शाळांतले साधे शिक्षकच होते.